कितवीत?

साकोलीपासून बरंच आत,
कालव्याच्या गेटाजवळ आमचं क्वार्टर.
पटसंख्या चारवर आली तेव्हा गावच्या शाळेला कुलूप लागलं,
दुसरी शाळा जंगलापलीकडे,
आणि त्या वाटेवर वाघिणीनं यंदा पिल्लं दिलीत.
तर मीच शिकवते.
डी.एड.ची मार्कशीट तेरा वर्षं
ट्रंकेत साड्यांखाली होती,
तिला डांबरगोळीचा वास लागलाय.

जूनमध्ये पुस्तकं आणली.
दुर्वेशला तिसरीची, यामीला पहिलीची.
वय आठ, वय सहा. सरळ हिशोब.
वाटलं, चपला घेतो तसंच असेल,
पाय मोजायचा, नंबर सांगायचा.

दुर्वेश जोडाक्षरापाशी थांबतो
बैल नाल्यापाशी थांबतो तसा,
पुढचे पाय रोवून.
'प्रश्न' म्हणताना त्याला घाम फुटतो.
पण गेटाचं चाक किती फेरे फिरवलं
की कोणत्या बांधीत किती पाणी चढेल
हे तो बापाच्या आधी सांगतो.

आणि यामी
त्याच्यासमोर बसून चित्रं रंगवायची.
एकदा दादा अडला, तर हिनं पुढचा शब्द सांगितला.
पुस्तक तिच्या बाजूनं उलटं होतं.
उलट्या अक्षरांवरच शिकली होती पोरगी!
सरळ धरून दिलं तर जरा बावरली,
मग मान वाकडी करून धडा संपवला.
आकडे मात्र अकरा, बारा, चौदा.
तेराशी तिचं काय वैर आहे, कळत नाही.

त्याच आठवड्यात तिसरीचं पुस्तक गायब.
शेवटी तांदूळ काढताना
पायलीला काही कडक लागलं.
कोठीत, हातभर खाली.
"काहून रे?"
तो धुऱ्याकडे पाहत म्हणाला,
"तिले येते ना सगळं. मंग मले काहाले पायजे?"

रात्री ह्यांना विचारलं,
त्याला एक वर्ष मागं घेऊ? तिला पुढं ढकलू?
हे नोंदवही लिहीत होते,
गेज तीन फूट चार इंच.
"वरच्या बांधीचं पाणी अन् खालच्या बांधीचं
मी एका पट्टीनं नाही मोजत," म्हणाले,
आणि झोपले. घोरायलाही लागले.
चिडायचं होतं मला, पण बोलणं बरोबर होतं.

पोलीस पाटलाकडून बंद शाळेची किल्ली आणली.
दुसरी, चौथीची पुस्तकं मिळाली,
कडा उधईनं खाल्लेल्या.
मागच्या सालचं कॅलेंडर फाडून
सगळ्यांना कव्हरं घातली,
इयत्ता झाकून.
आता त्याचं गणित चौथीचं, भाषा पहिलीची,
तिचं बरोबर उलटं, म्हणजे जवळजवळ.
"एवढं मोठं अक्षर काहाले?" त्यानं विचारलंच.
"मला लांबून दिसावं म्हणून."
आई खोटं बोलते हे त्याला कळलं असावं.
तो वाचू लागला.

संध्याकाळी दोघं गेटावर जातात.
ती फेरे मोजते, तो फिरवतो.
बारानंतर तो चाक धरून ठेवतो.
तेरा म्हटल्याशिवाय पाणी सुटत नाही.

पोळ्याला जाऊ आली होती.
तिची दोघं साकोलीच्या कॉन्व्हेंटात.
बसल्या बसल्या तिनं विचारलं,
"काय गं, कितवीत तू?"
"मी ऑगस्टात," यामी म्हणाली,
"दादा मार्चात."

जावेनं माझ्याकडे पाहिलं.
मी करंज्यांचा डबा पुढं केला.